गाडीचा वेगळा रंग : खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावात माझं गाड्यांच्या रंगाचं दुकान आहे. डबे विकतो आणि गाडीवरचा रंगाचा कोड पाहून शेड कालवून देतो. दसरा, पाडवा, आखाजी जवळ आली की धुळ्यापासून रावेरपर्यंतचे फोन सुरू होतात: नवी गाडी घेतोय, कोणता रंग घेऊ? उरलेल्या वर्षात फोन येतात ते घासलेल्या दारांचे आणि न जुळलेल्या बंपरचे. दर वेळी तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं इथे सविस्तर लिहून ठेवली आहेत. साधे प्रश्न आधी आहेत, कायद्याचे आणि अडचणीचे नंतर.

१. सॉलिड, मेटॅलिक आणि पर्ल यांत नेमका फरक काय?

आधी थर समजून घ्या. कारखान्यात गाडीचा अख्खा सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या प्रवाहाने गंजरोधक थर चढवतात, त्याला ई-कोट म्हणतात. त्यावर प्रायमर, मग बेस कोट म्हणजे खरा रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. आपल्याकडचे पेंटर याला लॅकर म्हणतात. हे सगळं मिळून जेमतेम १०० ते १५० मायक्रॉन भरतं, म्हणजे माणसाचे दोन केस एकावर एक ठेवावेत इतकं. त्यात डोळ्यांना दिसणारा रंग १५-२० मायक्रॉनचाच.

सॉलिड रंगात नुसतं रंगद्रव्य असतं. मेटॅलिकमध्ये ॲल्युमिनियमचे बारीक पापुद्रे मिसळलेले असतात, ते आरशासारखा प्रकाश परत फेकतात. पर्लमध्ये अभ्रकाचे पापुद्रे असतात, त्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ लेप असतो. प्रकाश थोडा परततो, थोडा आत जातो, म्हणून समोरून एक छटा आणि बाजूने दुसरी दिसते. काही पर्ल रंगांना खाली वेगळा रंग, मधे पर्ल आणि वर क्लिअर असे तीन टप्पे लागतात. दुरुस्तीच्या वेळी हा फरक खिशाला जाणवतो, ते प्रश्न १२ मध्ये.

२. रस्त्यावर सगळ्या गाड्या पांढऱ्या नाहीतर राखाडीच का?

जगभर हेच चित्र आहे. रंग बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या दरवर्षी अहवाल काढतात, त्यांत गेली दहा वर्षांहून अधिक काळ पांढराच पहिला आहे. आपल्याकडे कारणं उघड आहेत: ऊन, विकतानाची भीती आणि शोरूममध्ये लगेच मिळणारी गाडी.

मोटारींच्या इतिहासात याआधीही असं होऊन गेलंय. फोर्डची मॉडेल टी १९०८ साली आली तेव्हा वेगवेगळ्या रंगांत मिळायची, पण १९१४ ते १९२५ या काळात ती फक्त काळ्या रंगात निघाली, कारण तो रंग स्वस्त आणि टिकाऊ होता. मग १९२३ च्या सुमारास ड्यूपॉन्टचा ड्यूको हा लवकर वाळणारा रंग आला, जनरल मोटर्सने तो ओकलंड गाड्यांना निळ्या छटेत लावला, आणि गाड्या पुन्हा रंगीत झाल्या.

३. भाऊ, गाडी तर तीच. वेगळ्या रंगाचं एवढं काय कौतुक?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात, आणि याचं उत्तर द्यायला मला सगळ्यात जास्त आवडतं.

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत कधी घोडेबाजार फिरलात का? तापीकाठी तिथे जाणती माणसं घोड्याला नुसतं पांढरा-तपकिरी म्हणत नाहीत. पांढराशुभ्र तो नुकरा, काळा तो मुश्की, तांबूस अंगाचा काळ्या आयाळीचा तो कुमैत, ठिपक्या-पट्ट्यांचा अबलख, चारही पाय आणि तोंड पांढरं तो पंचकल्याण. सौदा करताना चाल बघतात, दात बघतात, आणि रंगही बघतात. रंगाची इतकी जाण असलेल्या मुलखात चार चाकांची वस्तू घेताना निवड 'व्हाईट की सिल्व्हर' एवढ्यावर येऊन थांबते, याचं मला खरंच वाईट वाटतं.

वेगळ्या रंगाची गाडी लक्षात राहते. २००९ साली टाटा नॅनो रस्त्यावर आली तेव्हाची पिवळी नॅनो आठवत नाही असा माणूस विरळा. २०१० मधली पोपटी शेवरोले बीटही तशीच, मॉडेल कधीचं बंद झालं तरी रंग डोळ्यांपुढे आहे. गावात तर रंग हाच पत्ता होतो: "त्या हिरव्या गाडीवाल्याच्या घरापासून डावीकडे." लग्नात मांडवाबाहेर चाळीस पांढऱ्या गाड्या लागलेल्या असताना तुमची एका नजरेत सापडते. सिग्नलला शेजारचा मोटरसायकलवाला काच खाली करायला लावून विचारतो, "हाऊ कोनता रंग शे भो?" हे सुख पैशात मोजता येत नाही, आणि रंग बहुतेक वेळा त्याच किमतीत मिळतो.

आणखी एक. एप्रिल-मेमध्ये आपला सगळा मुलूख भुरा होतो. रानं उघडी, रस्ते धुळीचे. त्या भुऱ्यावर नंदुरबारला वाळत घातलेल्या मिरचीचा लाल किंवा रावेरकडच्या केळीच्या बागेचा हिरवा कसा उठून दिसतो ते आठवा. गाडीचा गडद केशरी किंवा मोरपंखी रंग इथे तसाच उठतो. धुकट, पावसाळी देशात तोच रंग निम्माही खुलत नाही.

४. आपल्या उन्हात गडद रंग घ्यावा का? आत भट्टी होईल ना?

फरक पडतो, खोटं सांगणार नाही. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने २०११ मध्ये दोन सारख्या गाड्या, एक काळी आणि एक चंदेरी, उन्हात ठेवून मोजमाप केलं होतं. तासाभराने चंदेरी गाडीच्या आतली हवा साधारण ५ ते ६ अंशांनी कमी होती, आणि छताच्या पत्र्यात तर २५ अंशांपर्यंत फरक होता. भुसावळ-जळगावचा मे महिना ४५ अंशांना टेकतो, तिथे हे पाच-सहा अंश कळतातच.

पण काळा आणि पांढरा ही दोन टोकं झाली. पिवळा, फिका निळा, केशरी, बेज हे मधले रंग आहेत, ते काळ्याइतके तापत नाहीत. शिवाय आतली उष्णता फक्त पत्र्यातून येत नाही, पुढच्या मोठ्या काचेतून भरपूर येते. काचेला आतून चंदेरी पडदा लावणं आणि निघताना दोन मिनिटं काचा उघड्या ठेवणं, एवढं केलं तरी पुष्कळ फरक पडतो. गाडी दिवसभर उघड्यावर उभी राहणार असेल तर काळा किंवा गडद निळा टाळा. छपराखाली राहणार असेल तर मनासारखा घ्या.

५. शेताच्या रस्त्याला धूळ फार. कोणता रंग धूळ झाकतो?

आपली माती काळी असली तरी तिची वाळलेली धूळ राखाडी-खाकी असते. म्हणून खाकी, बेज, ब्राँझ, चंदेरी यांवर ती मिसळून जाते. काळ्या, गडद निळ्या आणि गडद लाल गाडीवर पुसून झाल्यावर अर्ध्या तासात दिसते. पांढऱ्यावर धूळ कमी दिसते, पण पावसाळ्यातला चिखलाचा शिंतोडा लांबून दिसतो.

बोअरच्या खाऱ्या पाण्याने धुणाऱ्यांना वेगळा त्रास आहे: पाणी उन्हात वाळलं की क्षाराचे पांढरे गोल उरतात, गडद रंगावर ते फार डाचतात. सकाळी लवकर धुवा आणि लगेच मऊ कापडाने कोरडं करा. कोरड्या फडक्याने धूळ झटकणं मात्र बंद करा. कोळ्याच्या जाळ्यासारखे जे बारीक ओरखडे उन्हात दिसतात, ते त्यातूनच येतात.

६. लाल रंग लवकर फिका पडतो म्हणतात, खरं का?

जुन्या गाड्यांच्या बाबतीत खरं होतं. तेव्हा वर क्लिअर कोट नसायचा आणि ऊन थेट रंगद्रव्यावर पडायचं. लाल गुलाबी व्हायचा, पांढुरकी भुकटी हाताला लागायची. आता क्लिअर कोटमध्येच अतिनील किरण शोषणारं रसायन असतं, त्यामुळे कारखान्यातला लाल वर्षानुवर्षं टिकतो. स्वस्तातलं लॅकर मारून घेतलेला लाल मात्र आपल्याकडे दोन-तीन उन्हाळ्यांत उघडा पडलेला मी पाहिला आहे.

७. वेगळा रंग मागितला की शोरूमवाले 'थांबावं लागेल' म्हणतात. थांबावं का?

मुहूर्त गाठायचाच असेल तर वेगळी गोष्ट. नाहीतर थांबा. गाडी दहा वर्षं वापरणार, त्यात दोन महिने जड नाहीत. विक्रेते पांढऱ्या गाड्या आधी मागवून ठेवतात, बाकीच्या बुकिंगनंतर मागवतात, एवढंच त्याचं कारण.

गेल्या काही वर्षांत कंपन्यांनी चांगले धीट रंग आणलेत: नेक्सॉनचा फिअरलेस पर्पल, हॅरियरचा सनलिट यलो, जिम्नीचा काळ्या छताचा कायनेटिक यलो, एक्स्टरचा रेंजर खाकी, थारचा डीप फॉरेस्ट, वॅगनआरचा ऑटम ऑरेंज. हे रंग येतात तसे जातातही, आणि बऱ्याचदा विशिष्ट व्हेरिएंटलाच मिळतात, म्हणून त्या दिवशीची यादी विचारून घ्या.

माहितीपत्रकावरचा किंवा मोबाइलवरचा रंग पाहून नक्की करू नका. छापील शाईत आणि पडद्यावर मेटॅलिकची चमक उतरतच नाही. त्या रंगाची एखादी गाडी यार्डात किंवा ओळखीत शोधा आणि ती सकाळी, भर दुपारी आणि दिवेलागणीला अशी तीनदा पाहा. जांभळ्या, तांबड्या आणि मोरपंखी छटा या तीन वेळी तीन वेगळ्या गाड्यांसारख्या दिसतात.

८. विकताना भाव पडेल ना?

पांढरी गाडी लवकर विकली जाते, हे मान्य. वेगळ्या रंगाला गिऱ्हाईक कमी असतं, त्यामुळे थांबावं लागतं. पण ज्याला तो रंग हवा आहे तो घासाघीस कमी करतो, कारण त्याला दुसरी सापडत नाही. अमेरिकेत जुन्या गाड्यांच्या किमतींची मोठी तुलना झाली, तिथे पिवळ्या गाड्यांची किंमत सगळ्यात कमी घसरल्याचं दिसलं. तिकडे पिवळ्या गाड्यांत स्पोर्ट्स कारचा भरणा जास्त असतो, म्हणून तो हिशेब जसाच्या तसा इथे लावू नका.

माझं मत विचाराल तर तीन-चार वर्षांत गाडी बदलणाऱ्याने रंगाचा विचार बाजाराच्या अंगाने करावा. आठ-दहा वर्षं ठेवणाऱ्याने पुढच्या मालकासाठी आजचा रंग निवडू नये. तेवढ्या वर्षांनी किंमत ठरते ती इंजिन, टायर आणि अपघात-नोंदीवर.

९. पिवळी घेतली तर लोक काळी-पिवळी समजून हात दाखवतील!

हसून विचारतात, पण भीती खरी असते. गावोगावच्या वडापमुळे पिवळा-काळा जोड आपल्या डोळ्यांत पक्का बसलाय. भाड्याची गाडी ओळखायची ती नंबर प्लेटवरून: भाड्याच्या गाडीला पिवळी प्लेट आणि काळी अक्षरं, खासगी गाडीला पांढरी प्लेट. इलेक्ट्रिक गाड्यांना हिरवी. तरीही मन खात असेल तर काळं छत नसलेला पूर्ण पिवळा घ्या, किंवा लिंबाकडे न झुकता मोहरीकडे झुकणारी छटा घ्या.

१०. सगळ्यात सुरक्षित रंग कोणता?

ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने २००७ मध्ये अपघातांच्या नोंदी तपासल्या. दिवसा उजेडी पांढऱ्याच्या तुलनेत काळ्या गाडीला अपघाताचा धोका सुमारे १२ टक्के जास्त आढळला. राखाडी आणि चंदेरी त्याच्या आसपासच होते, कारण हे रंग डांबरी रस्त्यात विरघळून जातात. लाल आणि निळ्यालाही थोडा जास्त धोका दिसला.

आपल्याकडे सुरतहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर दिवेलागणीला धूळ आणि धूर असतो, त्यात राखाडी गाडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही, हा रोजचा अनुभव आहे. राखाडी घेतली असेल तर संध्याकाळी दिवे लवकर लावत जा.

११. रंगावर विम्याचा हप्ता बदलतो का?

नाही. हप्ता गाडीची किंमत, वय, इंजिनाची क्षमता आणि नोंदणीचा विभाग यांवर ठरतो. रंग बदलल्यावर मात्र कळवावं लागतं, पाहा प्रश्न १८.

१२. दार घासलं म्हणून रंगवून घेतलं. गॅरेजमध्ये जुळला होता, बाहेर वेगळा दिसतोय. असं का?

माझ्या पहिल्या गाडीचं हेच झालं. गर्द हिरवी मेटॅलिक होती, जीव होता तिच्यावर. मागचं दार एका गॅरेजला दिलं, रात्री आठला ट्यूबलाइटखाली पाहून घरी आणली. सकाळी अंगणात उभी केली तर दार निळसर आणि बाकीची गाडी हिरवी. मी तेव्हा या धंद्यात नव्हतो. रंग शिकावासा वाटला तो त्या सकाळमुळे.

दोन वेगळ्या रंगद्रव्यांच्या मिश्रणांतून एका उजेडात सारखीच छटा दिसू शकते आणि दुसऱ्या उजेडात फरक उघडा पडतो. म्हणून रंग नेहमी उन्हात जुळवायचा. हे पहिलं कारण.

दुसरं कारण म्हणजे मेटॅलिकचे पापुद्रे. पेंटरने रंगाची स्प्रे गन जवळ धरून ओला हात मारला तर ते आत बुडतात आणि शेड गडद येते. लांबून कोरडा हात मारला तर वर राहतात आणि शेड उजळते. डबा तोच, कोड तोच, तरी दार वेगळं. हवेचा दाब आणि थिनर यांचाही असाच परिणाम होतो.

तिसरं कारण वेगळ्या रंगांपुरतं आहे. पिवळा, केशरी आणि भडक लाल यांची झाकण्याची ताकद कमी असते. खालचा प्रायमर कोणत्या रंगाचा आहे यावर वरची छटा ठरते. गडद राखाडी प्रायमरवर पिवळा मारला तर तो हिरवट, मळका दिसतो आणि पेंटर डबा दुकानात परत आणतो.

तेव्हा गॅरेजमध्ये तीन गोष्टी मागा. आधी कार्डावर मारून, वाळवून, लॅकर लावून ते कार्ड उन्हात गाडीला टेकवून दाखवा म्हणा, समोरून आणि तिरपं दोन्ही. मेटॅलिक-पर्लमध्ये शेजारच्या पत्र्यावर थोडा रंग विरवत न्यायला सांगा, म्हणजे नजरेला सीमारेषा सापडत नाही. याचे पैसे जास्त लागतात, तीन टप्प्यांच्या पर्लला तर बरेच, पण द्या. आणि लांबी (म्हणजे खड्डे भरायची पुट्टी) आणि प्रायमर नीट घासून झाल्यावर, रंग चढायच्या आधी एकदा स्वतः हात फिरवून बघा. खड्डा वर लॅकर आल्यावर दिसतो, बोटाला मात्र आधी कळतो.

१३. नव्याकोऱ्या गाडीतच बंपर आणि फेंडरचा रंग थोडा वेगळा आहे. फसवलं का?

बहुधा नाही. बंपर प्लास्टिकचा असतो, तो पत्र्याइतक्या तापमानात भाजता येत नाही आणि वेगळ्या ठिकाणी रंगतो. चंदेरी, सोनेरी आणि केशरी मेटॅलिकमध्ये हा फरक जास्त दिसतो. दोन पावलांवरून डोळ्यांत भरत असेल तर गाडी ताब्यात घेण्याआधी, उन्हात उभी करून दाखवा.

१४. माझा रंग कंपनीने बंद केला. आता धक्का लागला तर?

काळजी नको. रंग बंद झाला तरी त्याचा कोड राहतो. तो दाराच्या खांबावर किंवा बोनेटखालच्या पट्टीवर लिहिलेला असतो. मारुतीच्या सिल्की सिल्व्हरचा झेड-२-एस, तसा प्रत्येकाला असतो. त्या कोडावरून मिश्रणाचं सूत्र निघतं. एकाच कोडाच्या दोन-तीन उपछटाही असतात, कारण कारखान्यातल्या घाण्यांत थोडा फरक पडतो. म्हणून नुसता कोड सांगू नका, पेट्रोलच्या झाकणाचं दार काढून दुकानात आणा. तो छोटा तुकडा गाडीइतकंच ऊन खाल्लेला असतो, जुळवायला त्याच्यासारखं काही नाही.

१५. रंगकाम कोणत्या महिन्यात करावं?

चांगलं बंद बूथ असेल तर कधीही. कारखान्यात क्लिअर कोट साधारण १४० अंशांवर भाजतात. गॅरेजमध्ये गाडीत वायरिंग आणि प्लास्टिक असल्यामुळे बूथ ६० अंशांच्या आसपास ठेवतात, आणि तेवढ्यात टणक होणारा हार्डनर घालतात.

उघड्यावर काम होणार असेल तर महिना बघावा लागतो. मेच्या दुपारी थिनर पत्र्यावर पोहोचण्याआधीच उडतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा येतो. अशा वेळी पहाटे काम करावं आणि सावकाश उडणारा थिनर वापरावा. पावसाळ्यात ओलाव्यामुळे लॅकर पांढुरकं पडतं. हिवाळा उत्तम, पण जिनिंगच्या आसपासच्या गॅरेजमध्ये त्याच दिवसांत कापसाची रुई हवेत असते आणि ओल्या लॅकरवर ती बसली की पुन्हा घासाघीस. अशा ठिकाणी मी गिऱ्हाइकाला सरळ दुसरं गॅरेज सुचवतो.

१६. केळीचा चीक, पूजेची हळद, पक्ष्यांची घाण: डाग कसे काढायचे?

यावल-रावेर-सावद्याच्या लोकांना चिकाचा डाग सांगायला नको, कपड्यावर पडला की कपडा गेला. लॅकरमध्ये तो तेवढा मुरत नाही, पण उन्हात वाळून तपकिरी होतो आणि घट्ट धरतो. शांपूच्या पाण्यात भिजवलेलं कापड दहा मिनिटं ठेवा, मग हलक्या हाताने पुसा. उरलेला आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतो. थिनर अजिबात नको. गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेला पत्रा थिनरने मऊ पडतो आणि डागाच्या जागी कायमचा चट्टा राहतो.

हळदीने घाबरू नका. धुऊन जी पिवळसर झाक उरते ती काही दिवसांच्या उन्हात आपोआप उडते, हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. कुंकवाला मात्र कोरडं पुसू नका, त्यातली भुकटी घासली जाते, आधी पाणी ओता. लिंबाचा रस आणि नारळाचं पाणी संध्याकाळपर्यंत ठेवू नका.

सगळ्यात वाईट पक्ष्यांची घाण. ती लॅकरला खाते, आणि दुपारच्या उन्हात लॅकर मऊ असल्यामुळे खोल खाते. गाडीत पाण्याची बाटली आणि एक मऊ कापड कायम ठेवा. निंबाखाली गाडी लावता तेव्हा वर पडणारे चिकट थेंब बहुतेक वेळा झाडावरच्या किडींचे असतात, तेही त्याच दिवशी धुवावे.

१७. सिरॅमिक कोटिंग घ्यावं की पीपीएफ?

दोन्हींचं काम वेगळं आहे. सिरॅमिक हा फार पातळ थर असतो, त्याने पाणी घरंगळतं, धुणं सोपं होतं, चमक राहते. खडीचा मार तो अडवत नाही. पीपीएफ ही १५० ते २०० मायक्रॉनची पारदर्शक फिल्म, म्हणजे गाडीच्या सगळ्या रंगापेक्षा जाड. ती खडी झेलते, पण महाग असते. तुमचा रंग जुळवायला अवघड असेल, म्हणजे तीन टप्प्यांचा पर्ल किंवा भडक केशरी, आणि महामार्गावर रोजचं जाणं असेल, तर पुढच्या बंपरला आणि बोनेटला तेवढी पीपीएफ लावा. अख्ख्या गाडीला लावायची गरज मला वाटत नाही.

१८. पूर्ण गाडीचा रंगच बदलायचा आहे. आरटीओला कळवावं लागतं का?

हो. आरसीवर रंगाचा रकाना असतो. आरसीवरचा तपशील आणि गाडी यांत तफावत राहू नये, हे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चं मूळ सूत्र आहे. त्यामुळे आधी तुमच्या आरटीओत अर्ज करा, मग रंग मारा, मग गाडी दाखवून आरसीवर नवा रंग चढवून घ्या. एमएच १८ वाल्यांनी धुळ्याला, एमएच १९ वाल्यांनी जळगावला, एमएच ३९ वाल्यांनी नंदुरबारला. कर्ज चालू असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र लागतं. नवी आरसी आली की विमा कंपनीला कळवून पॉलिसीत नोंद करून घ्या.

खर्चाचा अंदाज घेताना एक लक्षात ठेवा: बाहेरून रंग बदलणं हे अर्धंच काम. दारांच्या कडा, बोनेटची आतली बाजू, डिकीची चौकट इथे जुना रंग डोकावतो. तेही करायचं तर दारं-काचा उतरवाव्या लागतात. नव्या गाडीचा रंग आवडला नाही म्हणून लगेच बदलणाऱ्यांना मी थांबवतो, कारण कारखान्यातल्या थरासारखा थर पुन्हा मिळत नाही.

१९. रॅप तर स्टिकर आहे, निघतो. त्यालाही परवानगी लागते?

रस्त्यावर थांबवणारा पोलिस आरसीवरचा रंग आणि समोरची गाडी बघतो, आत काय आहे ते बघत नाही. अख्ख्या गाडीचा रंग रॅपने बदलणार असाल तर प्रश्न १८ चाच मार्ग धरा. एखादी पट्टी किंवा नक्षी असेल आणि मूळ रंग स्पष्ट दिसत असेल तर अडचण सहसा येत नाही. टिकण्याचं म्हणाल तर आपल्या उन्हात बोनेट आणि छतावरचा रॅप आधी सुकतो आणि कडांनी उचलतो. काढायला उशीर केला तर चिकट थर मागे राहतो.

२०. फक्त छत काळं केलं तर?

कारखान्यातून दोन रंगांत आलेली गाडी आरसीवर तशीच नोंदलेली असते. घरी केलेल्या काळ्या छताबद्दल आधी आरटीओत विचारा. आणि प्रश्न ४ पुन्हा वाचा: सगळ्यात जास्त ऊन छतावरच पडतं.

२१. मिलिटरीसारखा हिरवा मारता येईल का?

ऑलिव्ह ग्रीन मारता येणार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांनी तो रंग संरक्षण दलाच्या वाहनांसाठी राखून ठेवला आहे, परवानगीनेही मिळत नाही. कंपनीकडून येणारे इतर हिरवे रंग चालतात. हिरव्याची हौस असेल तर काळसर गर्द हिरवा बघा. एकेकाळी शर्यतीत देशांना रंग ठरलेले असायचे, इटलीला लाल, फ्रान्सला निळा, तसा ब्रिटनला हा हिरवा होता. सावलीत काळा आणि उन्हात पानासारखा दिसणारा हा माझा सगळ्यात आवडता रंग.

२२. मॅट कसा राहील?

दिसायला सुंदर, सांभाळायला कठीण. त्याला पॉलिश करता येत नाही, घासला की तेवढाच भाग चमकू लागतो. एक ओरखडा गेला तर अख्खा पत्रा रंगवावा लागतो. आपल्या धुळीत आणि खाऱ्या पाण्यात मी सुचवणार नाही.

२३. जुनी निळी गाडी घेतोय, पण आरसीवर 'सिल्व्हर' लिहिलंय. मालक म्हणतो काही होत नाही.

होतं. नाव तुमच्यावर चढल्यावर ती तफावत तुमची होते, आणि अपघाताच्या दाव्याच्या वेळी विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते. मालकाला आधी आरसीवर रंग बदलून आणायला सांगा, मग व्यवहार करा.

ते होईपर्यंत गाडी नीट पाहून घ्या. दारांच्या रबराखाली, बोनेटच्या आत आणि डिकीतल्या चटईखाली कोणता रंग आहे? कोडाची पट्टी काय सांगते? काचेच्या रबरावर निळ्या रंगाची धूळ बसली आहे का? मायक्रॉन मोजायचं यंत्र हल्ली बऱ्याच मेकॅनिककडे असतं, ते प्रत्येक पत्र्यावर टेकवा. मूळ थर १०० ते १५० च्या घरात असतो, पाहा प्रश्न १. पूर्ण रंगवलेल्या गाडीत सगळीकडे २०० ते ३०० सापडेल, त्यात वावगं नाही. पण एकाच दारावर किंवा मागच्या फेंडरवर काटा ८००-१००० वर गेला तर आत लांबीचा जाड थर आहे आणि पत्रा ठोकून सरळ केलेला आहे. तेव्हा रंगाचा विषय बाजूला ठेवून आधी गाडी लिफ्टवर चढवा आणि खालून चासीची रांग तपासून घ्या.